शेवंतीची डावी बाजू

रायपूर,
८ जुलै २०२५

नंदावहिनी, जय भीम.

पत्र पाहून हसाल. पण फोनवर बोलताना तुमचा घसा बसते आणि माझ्या कानात काही शिरत नाही. चाळीस वर्षं बँडच्या मागं घोडी घेऊन चाललो, कान त्यातच गेले. मंजूच्या मोबाईलवरून लिहून पाठवलं असतं, तर आधी मंजूनं वाचलं असतं, मग जावयानं, मग ते उमेंद्रले कळलं असतं. पोराले बापाचं सगळं कळावं असं काही नाही. म्हणून कागद घेतला. तुम्ही चिचटोल्याचं पोस्ट तीस वर्षं सांभाळलं, तुमाले पत्राचा कंटाळा येणार नाही.

माझी शेवंती तुमच्याकडं उतरली असेल. आषाढी झाली, आता तुळशीच्या लग्नापर्यंत वराती नाहीत. इकडं गुडघ्याचं ऑपरेशन १४ तारखेला आहे. मंजू म्हणते, तीन महिने हलायचं नाही. उमेंद्रले मंडपाच्या कामातून फुरसत नसते. तुम्ही लोकांची जनावरं गावाला गेल्यावर सांभाळता हे ऐकून होतो, पण घोडी सांभाळाल असं वाटलं नव्हतं. ताराचंद असता तर म्हणाला असता, बायकोनं आता हत्ती आणायचा राहिला. वीस वर्षं त्याचा ट्रम्पेट पुढं आणि माझी घोडी मागं, असे आम्ही चाललो. तुम्ही नाही म्हटलं नाही, ही त्याचीच पुण्याई.

आता काळजीचं सांगतो. पावसाळ्यात खूर ओला राहिला की सडते. रोज संध्याकाळी चारही खूर उचलून चिखल काढायचा, कोरड्या फडक्यानं पुसायचं. खाली भाताची तणीस टाकायची, भिजली की बदलायची. हरभरा भिजवून मूठ-दोन मूठ, जास्त नको. गोमाशा आल्या की कडुनिंबाचा पाला जाळून धूर करायचा.

आणि एक. तिच्याजवळ जाताना नेहमी डावीकडून जायचं. उजवीकडून नाही. ती खानदानी घोडी आहे, तिले तशीच सवय आहे. बांधताना भिंत तिच्या उजव्या अंगाला ठेवा.

तुमचा,
उदाराम


चिचटोला,
१७ जुलै २०२५

उदारामभाऊजी, राम राम. पोस्टात तीस वर्षं सगळ्यांना हेच म्हटलं, सवय जात नाही.

शेवंती सुखरूप पोचली. पिकअपमधून उतरताना सगळं गाव जमलं होतं. भाताचा रोवणा सोडून बायका आल्या. एका म्हातारीनं तर तिला हळदकुंकू लावलं आणि विचारलं, नवरदेव कुठं आहे. मी म्हटलं, रायपूरला गुडघा बदलायला गेला आहे.

आमचं घर मोकळं आहे, गोठा पक्का आहे, इटियाडोहच्या कालव्याकडून वारा येतो. सध्या माझ्याकडं दोन शेळ्या आणि एक मांजर मुक्कामाला आहेत. शेळ्या शेजारच्या मंगरूच्या, तो मुलीच्या बाळंतपणाला गेला आहे. मांजर बिरसीला विमान चालवायला शिकवणाऱ्या एका मॅडमची. मांजरीचं नाव कॅप्टन. पहिल्या दिवशी कॅप्टननं शेवंतीला लांबून पाहिलं, दुसऱ्या दिवशी जवळून, आणि तिसऱ्या दिवसापासून ती तिच्या पाठीवर झोपते. शेवंतीची काही हरकत नाही.

खूर रोज पुसते. माझी कंबर वाकत नाही, म्हणून मी पाटावर बसते आणि ती पाय माझ्या मांडीवर ठेवते. आता मी पाट ठेवला की स्वतःहून पाय उचलते. सरकारी नोकरीत मला एवढा मान कुणी दिला नव्हता.

डावीकडून जायचं हे मात्र माझ्या लक्षात राहत नाही. काल विसरून उजवीकडून बादली घेऊन गेले, तर ती एवढी दचकली की बादली माझ्या डोक्यावर आणि मी शेळ्यांमध्ये. खानदान फार कडक दिसतं.

ऑपरेशनचं कळवा. भात जास्त खाऊ नका, वजन वाढलं की नवा गुडघा कुरकुरेल.

आपली,
नंदाबाई


रायपूर,
२९ जुलै २०२५

वहिनी, जय भीम.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणते मस्त झालं, मले तर पाय दुसऱ्याचा वाटून राहिला. एक पोरगी येऊन रोज वाकवून घेते. ती हसत हसत वाकवते आणि मी रडत रडत.

बादलीचं वाचून वाईट वाटलं. तुमाले लागलं तर नाही? पुन्हा सांगतो, डावीकडूनच जा, आणि जाताना काही तरी बोलत जा. गाणं म्हटलं तरी चालते. तिले मनुष्याचा आवाज आवडते. तोंड धुताना उजव्या बाजूनं फार पुसू नका, ती लाजते.

दुसरं काही नाही. ती जेवते का, एवढं लिहा.

उदाराम


चिचटोला,
११ ऑगस्ट २०२५

भाऊजी, राम राम.

शेवंती जेवते. खूर चांगले आहेत. शेपटी चांगली आहे. कान चांगले आहेत. दोन्ही डोळे अगदी छान आहेत, मोत्यासारखे. काहीच काळजी करू नका.

पाऊस बरा आहे. कॅप्टनची मॅडम येऊन तिला घेऊन गेली, पण मांजर पाठीवरून उतरेना, म्हणून आणखी पंधरा दिवस ठेवून गेली.

धूर करणं मी बंद केलं आहे. सहज. गोमाशा आता कमी झाल्या आहेत.

आपली,
नंदाबाई


रायपूर,
१९ ऑगस्ट २०२५

वहिनी,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. मी जेवणाचं विचारलं होतं. डोळ्याचं कायले लिहिलं? डोळ्याचं मी कुठं विचारलं होतं? आणि मोत्यासारखे म्हणजे कसे? मोत्यासारखे पांढरे की मोत्यासारखे चमकणारे?

काही झालं असेल तरी डॉक्टर बोलावू नका. घोड्यांना डॉक्टर मानवत नाही. सुईला घाबरून ती दावं तोडेल. मी आल्यावर पाहू.

बाकी पायाचं बरं आहे. काठी घेऊन अंगणापर्यंत जाऊन राहिलो.

उदाराम


चिचटोला,
२ सप्टेंबर २०२५

भाऊजी,

आता खोटं बोलवत नाही. मी तुम्हाला फसवलं. शेवंतीचा उजवा डोळा खराब झाला आहे आणि तो माझ्यामुळं झाला आहे.

ऑगस्टच्या सुरुवातीला गोमाशा फार होत्या. मी पाला पेटवला, तो ओला होता, धूर गोठ्यात कोंडला. मी शेजारी बोलत उभी राहिले. परत आले तर तिच्या उजव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. दोन दिवस मीठपाण्यानं पुसलं. मग दिसलं की बुबुळावर निळसर ढग आला आहे. त्या बाजूनं हात हलवला तरी ती पापणी हलवत नाही. कुंपणाच्या खांबाला दोनदा धडकली.

तुमची पोटची पोर असल्यासारखी घोडी तुम्ही माझ्या विश्वासावर सोडली आणि मी तिचा डोळा घालवला. दोन घास गिळवत नाहीत. तुम्ही ऑपरेशनचे, म्हणून लपवलं, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे भीती वाटत होती.

तुम्ही नको म्हटलं तरी मी डॉक्टर बोलावली आहे. नवेगावकडून डॉ. समीक्षा म्हणून मुलगी येते, गावातल्या गाई-म्हशी तिच्याच हातच्या आहेत. शुक्रवारी येणार. जे सांगेल ते कळवीन. काय शिक्षा द्यायची ती द्या.

नंदाबाई


चिचटोला,
५ सप्टेंबर २०२५

उदारामभाऊजी,

डॉक्टर आत्ताच गेली. तिनं टॉर्च लावून अर्धा तास डोळा पाहिला. मी धुराचं, डावीकडून जायचं, सगळं सांगितलं, रडले पण. ती म्हणाली, "मावशी, धुरानं फक्त पाणी आलं असेल. हा डोळा आजचा नाही. आत सूज येते, जाते, आणि दरवेळी थोडी नजर घेऊन जाते. दोन वर्षं तरी झाली असतील. मालकाला माहीत नाही असं होणारच नाही."

मी म्हटलं, मालक सज्जन आहे, त्याला माहीत असतं तर त्यानं सांगितलं असतं.

ती म्हणाली, "मग डावीकडून जायचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

भाऊजी, मी महिनाभर जेवली नाही. महिनाभर. आणि तुम्ही तिकडं बसून मले खानदान शिकवून राहिले. भिंत उजवीकडं ठेवा म्हणे. लाजते म्हणे. काऊन लपवलंत? मी काय घोडी परत पाठवली असती?

डॉक्टरनं थेंब दिले आहेत, दिवसातून चार वेळा. माशा बसू नयेत म्हणून कपाळाला सुती झालर शिवायला सांगितली आहे. ती मी शिवीन. तुमच्यासाठी नाही, शेवंतीसाठी.

नंदाबाई


रायपूर,
१५ सप्टेंबर २०२५

वहिनी,

तुमची दोन्ही पत्रं एकाच दिवशी हातात आली. पहिलं वाचून माझं काळीज तुटलं, दुसरं वाचून मान खाली गेली. तुम्ही जेवत नव्हत्या हे वाचल्यापासून मलेही जेवण गोड लागून नाही राहिलं. म्हणून काही तुमचा महिना भरून निघत नाही, ते मले समजते.

खरं सांगतो. दोन वर्षांपूर्वी डोळ्यातून पाणी येऊ लागलं. मी काजळ लावलं, कुंकवाचा टिळा लावला, मोत्यांची झालर त्या बाजूनं जास्त खाली सोडली. लोक म्हणत, काय सजवली आहे. मी म्हणे, शौक आहे.

या फेब्रुवारीत आमगावला वरात होती. उजवीकडून कोणीतरी अनार फटाका पेटवला. तिले काही दिसलं नाही, नुसता आवाज आला, आणि ती दोन पायांवर उभी राहिली. नवरदेव घसरून आपल्या मामाच्या अंगावर पडला. मामा जाडा होता म्हणून दोघंही वाचले. मी ओरडलो, घोडी खुश झाली, घोडी नाचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बँडवाल्यांनी ते गाणं पुन्हा वाजवलं. सगळे हसून राहिले होते आणि मी दोन्ही हातांनी लगाम ओढून तिले मागं घेऊन राहिलो होतो. त्या दिवशी कोणाचं पोरगं मेलं असतं.

तेव्हाच ठरवलं, आता वरात नाही. पण घरी सांगितलं नाही. एका डोळ्याची घोडी म्हटल्यावर तिले कोण बोलावणार? आणि काम नसलेली घोडी कोण ठेवणार? उमेंद्र वाईट नाही, पण त्याचा धंद्याचा जीव आहे. आजकाल नवरदेव सजवलेल्या गाडीतून जातात, तो तेच आणायचं म्हणते. शेवंतीले कोणा व्यापाऱ्याच्या हाती दिलं तर ती कुठं जाईल, मले माहीत आहे. म्हणून वाटलं, चार महिने तुमच्याकडं ठेवू. मग आणखी थोडे दिवस म्हणू. मग तुम्हीच परत देणार नाही.

हे विचारायला तोंड नव्हतं, म्हणून खानदान काढलं. आता तुम्ही सांगाल तसं.

उदाराम


चिचटोला,
२५ सप्टेंबर २०२५

भाऊजी, राम राम.

राग अजून आहे, पण लिहिण्याइतका कमी झाला आहे. मी जेवते आहे. तुम्हीही जेवा.

शेवंती इथं राहील. हे पहिल्या पत्रात विचारलं असतं तरी मी हेच लिहिलं असतं, आणि दोघांचा एक पावसाळा वाचला असता.

डॉक्टर दर आठवड्याला येते. डावा डोळा चांगला आहे, पण लक्ष ठेवावं लागेल, म्हणाली. ऊन टाळायचं, गर्दी टाळायची. थेंब टाकताना शेवंती मान माझ्या खांद्यावर ठेवते, त्यामुळं तिच्या तोंडातल्या गवतानं माझी सगळी पोलकी एका बाजूनं हिरवी झाली आहेत.

पण माझी एक अट आहे. चोरून ठेवणार नाही. उमेंद्रला तुम्ही सांगायचं. मी नाही, मंजू नाही. तो येईल तेव्हा मी त्याच्यासमोर काही सजवून बोलणार नाही. तो तुमचा मुलगा आहे, व्यापारी नाही. एकदा विचारून तर पहा.

नंदाबाई


रायपूर,
१३ ऑक्टोबर २०२५

वहिनी, जय भीम.

तुमची अट गुडघ्यापेक्षा जड गेली. तीन वेळा फोन लावला. एकदा मंजूनं मध्येच घेतला, एकदा त्यानं जेवलात का विचारलं आणि मी हो म्हणून ठेवून दिला, एकदा मले काहीच ऐकू नाही आलं.

मग त्यालेही पत्रच लिहिलं. बापानं पोराले लिहिलेलं पहिलंच पत्र. ते या पाकिटात बंद करून ठेवलं आहे. दिवाळी झाल्यावर तो शेवंतीले न्यायला पिकअप घेऊन तुमच्याकडं येणार आहे, तुळशीच्या लग्नानंतरची पहिली वरात लागली आहे म्हणते. आला की हे त्याच्या हातात द्या. तुम्ही काही बोलू नका. तो चिडला तर त्याले चहा द्या, चिडल्यावर त्याले चहा लागते.

मी नोव्हेंबर लागल्यावर गोंदियाले घरी येऊन राहिलो.

उदाराम


चिचटोला,
२७ ऑक्टोबर २०२५

भाऊजी, राम राम.

काल उमेंद्र येऊन गेला. घडलं तसं लिहिते.

पिकअप दारात लावून तो सरळ गोठ्याकडं गेला. मी मागून पाहत होते. तो लांबूनच "शेवंती, शेवंती" अशी हाक देत गेला आणि वळसा घालून डाव्या बाजूनं उभा राहिला. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

मी तुमचं पाकीट दिलं. तो खाटेवर बसून वाचत होता. दोन पानं वाचायला त्याला फार वेळ लागला. मी चहा ठेवला. तो चिडला नव्हता, तरी ठेवला.

मग तो म्हणाला, "काकू, बाबांना वाटते मले माहीत नाही."

मी म्हटलं, "तुला माहीत आहे?"

"दीड वर्षापासून. उजवीकडचे फटाके मीच बंद करत होतो. वरातीच्या आधी पोरांना सांगायचो, उजव्या अंगाला कोणी येऊ नका. आमगावला मले पोचायला उशीर झाला, म्हणून तसं झालं."

"मग बोलला काऊन नाहीस?"

"काय बोलू? ते रोज तिच्या डोळ्याले काजळ लावून, लपून राहिलं असं समजून खुश होत. त्यांची लाज उघडी पाडू का? मले वाटलं, त्यांनीच सांगितलं तर सांगू द्यावं."

मी विचारलं, मग आज पिकअप कशाला आणला, वरात लागली म्हणून ना. तो म्हणाला, वरात लागलेलीच नाही, ते नुसतं निमित्त. घोडी ठरवायला आलेले दोघं त्यानं परत पाठवले. पण शेवंती घरी आणली नाही तर बाबांना वाटेल की पोरगं तिले विसरलं, म्हणून तो न्यायला आला होता. घरामागं टिनाचं छप्पर घालून ठेवलं आहे म्हणे, तिच्यासाठी.

भाऊजी, एका घरात दोघं जण एकाच घोडीचा एकच डोळा दीड-दोन वर्षं एकमेकांपासून लपवत होते. तिसरी मी, तिनंही महिनाभर लपवला. शेवंतीनं तेवढं कोणापासून लपवलं नाही.

तो म्हणाला, "इथं ती बरी दिसून राहिली. राहू दे का काकू?" मी राहू दे म्हटलं. जाताना त्यानं खूर पाहिले, नाल काढून टाकायला सांगितले, आता डांबरी रस्ता नाही म्हणून. तुमचं पत्र घडी घालून वरच्या खिशात ठेवलं. पिकअप रिकामाच गेला.

नंदाबाई


गोंदिया,
८ नोव्हेंबर २०२५

वहिनी, जय भीम.

घरी आलो. टिनाचं छप्पर पाहिलं. खाली बसून घेतलं, नव्या गुडघ्यानं उठता येईना, उमेंद्रनं उठवलं. तो कानाजवळ येऊन जोरात म्हणाला, "बाबा, काजळ चांगलं लावत होते तुम्ही." मी त्याले शिवी दिली. दोघंही हसलो. त्याच्यापेक्षा जास्त आम्ही काही बोललो नाही, पण आता जेवताना तो माझ्या चांगल्या कानाच्या बाजूनं बसते.

गाडी सजवायचा धंदा त्यानं सुरू करावा, असं मीच म्हटलं.

डॉक्टर अजून बसनं लांब जाऊ देत नाही. शेवंतीले पाहावंसं वाटते. तिले काम नाही म्हणून ती उदास तर नाही? वीस वर्षं बँडच्या आवाजात काढलेलं जनावर, एकदम शांततेत कसं राहत असेल, याचा विचार येते. खरं खरं लिहा.

उदाराम


चिचटोला,
१ डिसेंबर २०२५

भाऊजी, राम राम.

उदासीचं तुम्ही विचारलं, म्हणून शुक्रवारचं लिहिते. कोणाच्या तोंडून वाकडंतिकडं ऐकण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

माझी पुतणी साक्षी, तिचं लग्न होतं. मुलगा कोहमाऱ्याचा. दुपारी त्यांची मंडळी गाडीतून आली, पुढं बँड. बुद्धवंदना व्हायची होती, मी पांढरं पातळ नेसून तयार होते. तेवढ्यात गोठ्यातून धडपड ऐकू आली. शेवंती दाव्याला ओढ देत होती. मला वाटलं घाबरली. डॉक्टरनं गर्दी टाळायला सांगितलेली, म्हणून तिला परसात नेऊन शांत करावं असं ठरवून मी दोरी सोडली.

ती परसात आली नाही. ती मला घेऊन रस्त्यावर आली.

बँडवाल्यांनी तिला पाहिलं. त्यांच्यात एक म्हातारा होता, आमच्या ह्यांच्याबरोबर वाजवायचा तो मनिराम. त्यानं तिला ओळखलं. सगळ्यांना हात करून बाजूला सारलं, फटाके बंद करायला लावले, आणि एकटाच ट्रम्पेट वाजवू लागला, हळू. शेवंतीनं कान टवकारले. एक पाय उचलला, मग दुसरा. पाठीवर कोणी नाही, अंगावर झूल नाही, कपाळाला माझी सुती झालर. भाऊजी, ती नाचली. तुमच्या वरातीत मी तिला कितीदा पाहिलं आहे, पण अशी नाही. कोणाला मिरवायचं नव्हतं, म्हणून असेल. आपल्या मनानं थांबत होती, आपल्या मनानं फिरत होती. नवरदेव गाडीतून उतरून पाहत उभा राहिला. साक्षी मंडपातून धावत बाहेर आली.

दोरी माझ्या हातात होती. ती फिरली की मलाही फिरावं लागत होतं. एवढंच झालं. पण गावात सगळीकडं सांगतात की नंदाबाई वरातीत नाचली. ह्यांनी आयुष्यभर बँड वाजवला आणि एकदाही मला नाचताना पाहिलं नाही. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्यानंतर दोरी ढिली होती, हे तुम्हाला लिहायला हरकत नाही.

नंतर ती बादलीभर पाणी प्यायली आणि झोपली. उदास नाही.

आपली,
नंदाबाई


गोंदिया,
८ डिसेंबर २०२५

वहिनी, जय भीम.

पत्र उमेंद्रनं मोठ्यानं वाचून दाखवलं, सगळ्या गल्लीनं ऐकलं. डॉक्टरले विचारून घेतलं, पंधरा दिवसांनी बस चालते म्हणते.

चिचटोल्यात पुढचं लग्न कोणाच्या घरी आहे, ते कळवा.

उदाराम